आईला विहार, लेकीला समुद्र आणि सुट्टी दिवाळीची

आमच्या घरातून पहिल्यांदा परदेशी जायचं ठरलं तेव्हा माणसं चार आणि मागण्या तीन होत्या, त्याही तीन दिशांच्या. लेक तेव्हा आठवीत. तिला मोबाइलवर दिसतो तसा हिरवट निळा समुद्र पाहिजे, बाकी काही नसलं तरी चालेल. नवरा सिव्हिलवाला. त्याला मोठं शहर पाहिजे, पूल पाहिजेत, मेट्रो पाहिजे, आणि आपल्या वर्धा रोडच्या डबलडेकर पुलासमोर त्यांचं काम कसं आहे ते बघून नावं ठेवायची होती. आई निवृत्त स्टाफ नर्स, राहते नागपुरातल्या इंदोऱ्यात. तिचं म्हणणं एका वाक्याचं: "बुद्धाचा देश दाखवून राहिली असशील तर येते. समुद्र मी पाहिला."

आईनं पाहिलेला समुद्र म्हणजे ६ डिसेंबरचा. नागपूरहून रात्रभर जनरल डब्यात उभ्यानं दादर, शिवाजी पार्कातली रांग, चैत्यभूमीचं दर्शन, आणि त्यानंतर गर्दीनं लोटत नेलं तिथं पाच मिनिटं दिसलेलं पाणी. त्या पाण्याकडे मौजेनं बघायचं असतं हे तिच्या कधी डोक्यातच आलेलं नव्हतं.

चौथी मी. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात वेळापत्रकं लावते. मागण्या करणाऱ्यांच्या बाजूला मी सहसा नसते, त्या बसवणाऱ्यांच्या बाजूला असते.

सगळे आधी एजंटकडे जातात, तसे आम्हीही गेलो. समोर आलेला कागद बँकॉक-पट्टायाचा. कोरल बेट, रत्नांच्या दुकानाची भेट, रात्रीचा शो, आणि एका दुपारी 'सोन्याचा बुद्ध व संगमरवरी विहार: फोटो थांबा'. आईनं चष्मा लावून तो कागद वाचला आणि विचारलं, "फोटो थांबा म्हणजे? वंदना कधी घ्यायची मग?" एजंट बिचारा हसला. तिथून उठलो ते घरी येऊन मी वही काढली.

थायलंड पक्कं व्हायच्या आधी श्रीलंका आमच्या यादीत बरीच वर होती. देश लहान, अनुराधपुराचा बोधिवृक्ष, कँडीचा दंतधातू, म्हणजे बुद्धाचा दात, आणि पुन्हा किनारे. आई तर कँडीसाठी एका पायावर तयार होती, कारण बाबासाहेब १९५० मध्ये बौद्ध परिषदेला तिथं गेले होते. पण आमची सुट्टी दिवाळीची. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथं दोन मोसमी वाऱ्यांच्या मधला काळ, आणि या दिवसांत जवळजवळ सगळ्या बेटावर पाऊस पडतो. लेकीच्या समुद्राचं काय? म्हणून श्रीलंका पुढच्या खेपेला ठेवली.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण देश ठरवतात, मग शहरं, आणि समुद्र शेवटी कुठंतरी चिकटवतात. मी उलटं केलं, आणि आता जो विचारतो त्याला हेच सांगते. वेळापत्रक लावताना जो पेपर हलवताच येत नाही तो आधी टाकायचा. शहर बाराही महिने जागेवर असतं, विहारही असतं. समुद्राचा हंगाम मात्र वारा ठरवतो. त्यामुळे आधी सुट्टीची तारीख, तारखेवरून समुद्र, आणि समुद्रावरून उरलेलं सगळं.

थायलंडला दोन समुद्र आहेत. दक्षिणेकडे जी चिंचोळी पट्टी उतरत जाते तिच्या पश्चिमेला अंदमान समुद्र, म्हणजे फुकेत, क्राबी, फी फी, को लांता. पूर्वेला थायलंडचं आखात, तिकडे को सामुई, को फांगान, को ताओ. नकाशावर एक बोट इकडे, एक तिकडे ठेवलं तर मधे दोनेकशे किलोमीटर असतील, पण दोघांचा पावसाळा वेगळा. नैर्ऋत्य मोसमी वारे, म्हणजे आपल्याला जूनमध्ये पाऊस देणारेच, मे ते ऑक्टोबर अंदमानच्या बाजूला झोडपतात. ते माघारी फिरले की ईशान्येचे वारे सुरू होतात. ते आखातावरून ओलावा उचलून पूर्व किनाऱ्यावर ओततात. मधल्या डोंगररांगेमुळे पश्चिम किनारा कोरडा राहतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास चेन्नईत पाणी तुंबल्याच्या बातम्या येतात, तो पाऊसही याच ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. त्यामुळे नोव्हेंबरात सामुईला जाणं म्हणजे ऐन पावसात जाणं, आणि त्याच आठवड्यात क्राबीला मात्र हंगाम नुकताच उघडत असतो.

यात दिवाळी स्वतःच हलते, ही आपली खास अडचण. आम्ही गेलो त्या २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणजे त्यानंतर निघणाऱ्याला अंदमानचा किनारा बरा. २०२५ मध्ये तेच २१ ऑक्टोबरला आलं. तेव्हा तिकडचा पाऊस पुरता सरलेला नसतो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यानं दिवाळी पुन्हा पुढे, ८ नोव्हेंबरला. म्हणजे कालनिर्णय भिंतीवर आलं की या प्रवासाचं अर्धं नियोजन तिथंच होतं. तिकिटांच्या साइट नंतर उघडायच्या.

समुद्र क्राबीचा ठरल्यावर बाकीचं चटचट बसत गेलं. जायची वाट बँकॉकवरून. तिथं नवऱ्याचं शहर आणि आईचे विहार एकाच नदीकाठी. चियांग माई मी काढून टाकलं. सगळे म्हणत होते जाच, जुनं शहर, डोंगर, हत्ती. नाही म्हणत नाही, पण ते बँकॉकच्या उत्तरेला सातशे किलोमीटर, आणि आमचा समुद्र दक्षिणेला त्याहूनही दूर. पहिल्या खेपेला देश उभा चिरायला गेलं की निम्मी सुट्टी विमानतळावरच्या खुर्च्यांत जाते. लेक दोन दिवस रुसली, हत्तींसाठी. आईनं तिला सांगितलं, "ताडोबात वाघ पाहिला ना? मग हत्तीवाचून अडते काय तुझं?"

दुसरी गोष्ट तिकिटांची. जाताना बँकॉकला उतरायचं आणि परत फुकेतहून निघायचं. पुन्हा बँकॉकला वळसा घालायचा नाही. क्राबीहून फुकेतचा विमानतळ गाडीनं अडीच-तीन तासांवर आहे आणि तिथून मुंबईला थेट विमान मिळतं. नागपूरकरांसाठी आणखी एक: डोळे झाकून मुंबई धरू नका. आम्ही जाताना कोलकात्यावरून गेलो. कोलकाता ते बँकॉक अडीच तास, मुंबईहून चारच्या वर. आपल्या गावाच्या पूर्वेला असलेल्या देशात जायला आधी पश्चिमेला कशाला पळायचं?

बँकॉकमध्ये हॉटेल सफान ताक्सिन स्टेशनजवळ घेतलं. हे मला वाटतं आमच्या सगळ्या बुकिंगमधलं सगळ्यात कामाचं ठरलं. तिथं वरून जाणारी स्कायट्रेन आणि खालून जाणारी चाओ फ्राया नदी एकमेकींना भेटतात. स्टेशनाच्या जिन्याखालीच सातोर्नचा धक्का. नारिंगी झेंड्याची बोट पकडायची, १६ बाहत, कुठंही उतरा. सकाळी शाळेची पोरं, ऑफिसला निघालेल्या बाया आणि एखादा भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, सगळे त्याच बोटीत. भन्तेंसाठी जागा राखलेली असते. नवऱ्याला मेट्रोपेक्षा ही बोटच जास्त आवडली, हे तो मान्य करणार नाही. सनम चाई नावाचं भुयारी मेट्रो स्टेशन त्यानं मुद्दाम उतरून पाहिलं, २०१९ मध्ये सुरू झालेलं, आत राजवाड्यातल्या दरबारासारखे खांब. बाहेर आलं की वाट फो (थाईत 'वाट' म्हणजे विहार) पाच मिनिटांवर.

राजवाडा आणि त्यातलं पाचूच्या बुद्धाचं मंदिर पहिल्याच सकाळी उरकलं. उरकलं हाच शब्द, कारण गर्दी आणि ऊन. माणशी ५०० बाहत, चौघांचे दोन हजार, म्हणजे आपले पाचेक हजार रुपये. थाई लोकांना फुकट. आई तिकीट खिडकीशी तत्त्वानं उभी राहिली: "आपण बौद्धच ना? मग पैसे कायचे?" तिला सांगितलं की खिडकीवर पासपोर्ट बघतात, धम्म नाही. मूर्ती फक्त ६६ सेंटिमीटरची, पाचू म्हणतात पण खरा पाचू नाही, हिरवा दगड, खूप उंचावर ठेवलेली. तिची वस्त्रं वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे बदलतात आणि ती राजानं स्वतः बदलायची असतात. आम्ही गेलो तेव्हा अंगावर पावसाळ्याची होती. हिवाळ्याची चढणार होती कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. भोवतीच्या सज्जाच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रं, आणि त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे. लेक त्यावर खिदळत बसली. आईच्या आई-वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली; बावीस प्रतिज्ञा आईला तोंडपाठ. ती त्या भिंतींवरून सरळ चालत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांचं त्यांच्यापाशी." चौकातल्या ब्रह्माच्या देवळासमोर रांगा लावून नाचगाणी करणारे लोक पाहूनही हेच वाक्य. थायलंडातला बौद्ध धम्म असा सरमिसळीचा आहे, देवदेवता, राजा, भुताखेतांसाठी अंगणात ठेवलेली छोटी घरं आणि त्यांच्यापुढे स्ट्रॉ लावून ठेवलेलं लाल फँटा. आपल्या विहारांची सवय असलेल्या माणसाला निघण्याआधीच हे सांगून ठेवलेलं बरं. मी सांगून ठेवलं होतं.

राजवाड्याच्या फाटकाबाहेर सुटाबुटातला एखादा भला माणूस 'आज बंद आहे, सण आहे, मी तुम्हाला दुसरं विहार दाखवतो' म्हणून टुकटुक, म्हणजे तिकडची रिक्षा, बोलावतो. बंद नसतो. ती टुकटुक दागिन्यांच्या दुकानात जाते. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, एवढाच तिथला खरा नियम.

आईची खरी यादी वेगळी होती. तिनं ती विहारातल्या मैत्रिणींना विचारून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली होती. पहिलं नाव वाट साकेत, सोन्याचा डोंगर. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशात पिप्रहवा इथं स्तूप खणताना बुद्धाचे अस्थिधातू सापडले, ते ब्रिटिश सरकारनं पुढच्या वर्षी सयामचा राजा चुलालोंगकोर्न याला दिले, आणि त्यातले काही या डोंगरावरच्या चैत्यात आहेत. पायऱ्या तीनशेच्या वर. पण चढ गोल गोल फिरत जाणारा, सावलीचा, वाटेत घंटा, बसायला जागा. आईच्या गुडघ्याचा मला घोर होता. ती तीनदा बसली, प्रत्येक वेळी घड्याळात बघून आपली नाडी मोजली, आणि वर पोचली. वर वारा भन्नाट. तिथं ती पंधरा-वीस मिनिटं काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही. मग विचारलं, "हे आपल्या इथून आलं?" आपल्या इथून.

आम्ही गेलो तो काळ वर्षावास, म्हणजे भन्तेंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपल्यानंतरचा. तिकडेही आषाढी पौर्णिमेच्या आसपास भन्ते वर्षावासाला बसतात आणि अश्विन पौर्णिमेला उठतात, मग कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा महिना 'कठीण चीवरदाना'चा, म्हणजे भन्तेंना वस्त्रं दान करायचा. एका विहारात वर्षातून एकदाच. आपल्याकडे इंदोऱ्यात, कामठीत हेच चालतं, तेव्हा आईला हे कोणी समजवावं लागलं नाही. तिला फक्त बाजार दाखवावा लागला. बामरुंग मुआंग नावाचा रस्ता आहे, जुन्या शहरात, मोठ्या लाल झोपाळ्याच्या कमानीपाशी. दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं आणि सगळ्या दुकानांत एकच माल: बुद्धमूर्ती, चीवर, भिक्षापात्रं. माणसाहून उंच मूर्ती पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळून फुटपाथवर टेकवून ठेवलेल्या. आणि नारिंगी बादल्या. तिकडे दान द्यायची तयार बादली मिळते, वरून चकचकीत कागद लावलेली, आत साबण, टूथपेस्ट, टॉर्च, चहाची पाकिटं, नूडल्स, एखादं वस्त्र, थोडी औषधं. आईनं एक बादली उचलली, फिरवून पाहिली, आणि दुकानदारीण बाईला कागद काढायला लावला. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. तिनं तापाच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून तारीख वाचली, बामची बाटली हलवून बघितली, टूथपेस्टचा खोका उघडून ट्यूब केवढी आहे ते पाहिलं. खोका मोठा, ट्यूब बोटाएवढी. "वरून मोठं, आतून पोकळ," आई मराठीत म्हणाली आणि ती बाई थाईत काहीतरी म्हणून हसली. शेवटी बादली रिकामी घेतली आणि शेजारच्या सेव्हन-इलेव्हनमधून आईनं स्वतः भरली: मोठी टूथपेस्ट, बँडेज, ओआरएसची पाकिटं, मोजे. वहीत या कामाला मी अर्धा तास धरला होता. अख्खी सकाळ गेली आणि ती सकाळ मला कुठल्याच यादीत सापडली नसती.

बादली दिली हॉटेलमागच्या गल्लीतल्या एका छोट्या विहारात, ज्याचं नाव कुठल्या नकाशात ठळक नाही. तिथं बाईनं भन्तेंच्या हातात थेट काही द्यायचं नसतं. ते समोर एक कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. संध्याकाळी तिथं वंदना होती. सात-आठ म्हाताऱ्या बाया पांढरे सदरे घालून पाय एका बाजूला दुमडून बसलेल्या. आई मागे बसली. त्यांनी सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला आईचा आवाज त्यात मिसळला. नमो तस्स भगवतो. त्यांचे उच्चार वेगळे, स्वर लांबवलेले, आईची चाल इंदोऱ्याची. त्रिशरण, पंचशील, सगळं एकमेकांना धरून शेवटपर्यंत गेलं. संपल्यावर एका आजीनं वळून आईच्या दंडाला हात लावला आणि बरंच काही विचारलं. आईनं सांगितलं, "इंडिया. नागपूर." लेक हळूच म्हणाली, "आजी, तुला थाई येते?"

म्हणून माझं मत आहे की नियोजनात 'संस्कृती' या खान्यात पाच नावं लिहू नयेत. दोन मोठी लिहा, आणि रोजची एक संध्याकाळ कोरी सोडा.

मोठ्यांत आमचं दुसरं नाव अयुथ्या. बँकॉकच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटर. १३५० मध्ये वसलं, १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्यानं जाळलं, तोवर सयामची राजधानी. हुआ लाम्फोंग या जुन्या स्टेशनावरून साधी पॅसेंजर घेतली, तिकीट वीस बाहतच्या आत, उघड्या खिडक्या, दीड-दोन तास. तिथं पोचल्यावर बेडकाच्या तोंडाची टुकटुक तासावर ठरवायची. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे, फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं. तिथं रखवालदार लोकांना खाली बसायला लावतो. आपलं डोकं त्या मस्तकाहून वर राहता कामा नये. आजूबाजूला ओळीनं मूर्ती, सगळ्यांची मस्तकं उडवलेली. दुपारी अकराच्या पुढे तिथं सावली नाही, तेव्हा सकाळची पहिली गाडी धरा.

जेवणाचं थोडक्यात. आम्ही मांसाहारी, सावजी पचवणारे, त्यामुळे तिखटाची भीती नव्हती. त्रास झाला तो साखरेचा. नूडल्समध्ये साखर, रश्शात साखर. आईचं जमलं ते उकडलेल्या कोंबडीच्या भातावर, खाव मन काय म्हणतात, सोबत आल्या-मिरचीची चटणी. अष्टमीला आई शाकाहारी असते आणि उपोसथ, म्हणजे बौद्धांचं व्रत, पाळते. अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या तिथंही पाळतात. पक्कं शाकाहारी जेवण हवं असेल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोधा: मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना यापेक्षा सोपं काय मिळणार. नुसतं 'व्हेज' म्हणालात तर माशाचं पाणी पडतंच.

क्राबीत मुक्काम बेटावर न करता मुख्य भूमीवर, आओ नांगच्या शेजारी नोप्परात थारा किनाऱ्यावर केला. कारण गुडघा. तिकडच्या लांबशेपटी बोटींना बहुतेक ठिकाणी धक्का नसतो, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन शिडीनं चढायचं. शिवाय वारा उठला की बोटी थांबतात, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर अडकून पडणं परवडणारं नाही. नोप्परात थाराला सुरूची झाडं, लांबलचक उथळ किनारा, पर्यटकांइतकीच गावातली माणसं चटया टाकून खात बसलेली.

आम्हा नागपूरच्या माणसांना भरती-ओहोटी फक्त भूगोलाच्या पुस्तकातून माहीत. पौर्णिमा जवळ आली होती, म्हणजे ओहोटी मोठी. संध्याकाळी पाणी एवढं मागं गेलं की लेक घाबरली, सुनामीच्या गोष्टी तिनं वाचल्या होत्या. हॉटेलवाल्यानं भरतीच्या वेळांचा छापील कागद दाखवला. तो कागद बघूनच रोजचा दिवस लावायचा: पोहणं भरतीला, चालणं ओहोटीला. ओल्या वाळूवर छोटे खेकडे वाळूच्या गोळ्या वळून वळून बाहेर टाकत होते, बाजरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, आणि प्रत्येक बिळाभोवती त्यांची नक्षी. आई वाकून बघत राहिली. मग साडी थोडी वर खोचून आत चालू लागली, आणि आम्ही हाका मारतोय तर ऐकेना.

रेलेला बोटीनं गेलो, माणशी १०० बाहत, आठ जण जमले की सुटते. रेले मुख्य भूमीवरच आहे, पण चुनखडीच्या उभ्या कड्यांमुळे रस्ता नाही. तिथून चालत फ्रा नांगच्या गुहेपाशी. कोळ्यांनी देवीला वाहिलेली लाकडी लिंगं तिथं ढिगानं ठेवलेली असतात, लहानमोठी, रंगवलेली. आठवीतली लेक आणि आई सोबत असताना मी नजर कुठं ठेवावी? आई म्हणाली, "चाळीस वर्षं वॉर्डात काय पाहिलं मग मी?" आणि लेकीला शांतपणे समजावून सांगितलं की दर्यावर जाणारी माणसं असं का वाहतात. समुद्र कसा वाटला हे मी विचारलं नाही. रात्री तिनं विहारातल्या बायांच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोंत मूर्ती चार होत्या आणि खेकडे नऊ.

कागदपत्रांचं: जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवसांची मुभा मिळाली, पण हे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाची साइट बघा. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की समजायचं ती सरकारी नाही. तिकडच्या एटीएमवर प्रत्येक वेळी २२० बाहतच्या आसपास कापतात, म्हणून थोडी थोडी रक्कम काढू नका. आणि मूर्ती. आईला विहारासाठी एक आणायची होती. तिथून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला त्यांच्या ललितकला विभागाची परवानगी लागते. गळ्यातलं लहान लॉकेट चालतं. परवानगीला दिवस लागतात, तेव्हा घ्यायचीच असेल तर बँकॉकला पहिल्या दिवशी, दुकानदाराकडूनच कागद करून. आम्ही घेतली नाही, चीवर आणलं.

आता अमरावतीचा मावसभाऊ मे महिन्यात निघालाय आणि आमचीच वही मागतोय. त्याला बँकॉक आणि अयुथ्याची पानं दिली, क्राबीचं पान काढून ठेवलं. मेमध्ये अंदमानला पाऊस सुरू होतो, किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. त्याच्यासाठी आखात. सामुईचं थेट विमान महाग पडतं, म्हणून सुरत थानीपर्यंत विमान आणि पुढे डोनसाकहून फेरी. जमलं तर वैशाखी पौर्णिमेला बँकॉकात राहा, असं मी त्याला म्हणाले. संध्याकाळी मेणबत्त्या आणि कमळ घेऊन लोक विहाराला तीन फेऱ्या घालतात. मात्र त्यांची तिथी एखाद्या वर्षी आपल्यापुढे महिनाभर जाते; २०२३ मध्ये आपली बुद्धपौर्णिमा ५ मेला झाली आणि त्यांची ३ जूनला. त्याच्या बायकोनं सामुईचं हॉटेल आधीच बघून ठेवलंय. पौर्णिमेची तारीख बघेपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग ठेव, एवढं तिला काल रात्री फोनवर सांगितलं.